लेटरहेडवरचा झुकलेला तराजू

५ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.४०

प्रयोगशाळेचं पत्र आलं. वर्षभर त्यांचे वजनाचे काटे तपासायचं काम पुढेही आपल्याकडेच ठेवायचा विचार आहे. त्यासाठी अद्ययावत लेटरहेडवर एका पानाचं दरपत्रक महिनाअखेरपर्यंत हातपोच द्यायचं. पत्राच्या मध्ये आणखी काही मजकूर आहे, तो ओझरता पाहिला. चष्म्याची काडी मोडली आहे.

चौसष्ट काटे. काचेच्या पेटीतले, नाजूक. हे काम गेलं तर दुकानात उरतात भाजीवाल्यांचे आणि भंगारवाल्यांचे काटे. ते दुकानातला मिस्त्री एकटा करतो, तेही झोपेत. मग मी दुकानात बसून काय करणार, हा प्रश्न आहे.

अद्ययावत म्हणजे काय, यावर अर्धा तास विचार केला. लोगो. हल्ली सगळ्यांच्या लेटरहेडवर असतो, आपल्याच नाही. काम दोन दिवसांचं. तीन धरू.

पत्रव्यवहार ताई बघायची. काटे माझे, कागद तिचे, अशी वाटणी वडील गेल्यापासून बावीस वर्षं होती. दुकानाचं नाव वडिलांचं, पुढे ‘आणि पुत्र’. पुत्र मी. ताई म्हणायची, मी त्यातलं ‘आणि’.

तिला जाऊन अडीच महिने झाले. कामावर परिणाम झालेला नाही. तिचं टेबल मी रोज पुसतो. आता फक्त कॉम्प्युटर चालू करायचा.

६ फेब्रुवारी. सकाळी १०

चालू केला. एका बटणात झाला. लोक उगीच बाऊ करतात.

ताईच्या कामाची एक पद्धत होती. कोरं लेटरहेड तिने कधी ठेवलंच नाही. शेवटचं पत्र उघडायचं, जुना मजकूर पुसायचा, त्याच जागी नवा लिहायचा. फाईल एकच, नाव ‘चालू पत्र’. मी एकदा विचारलं होतं, जुनी पत्रं लागली तर? ती म्हणाली, कागदावर आहेत की, कॉम्प्युटरला कशाला पाठ करायला लावायची.

म्हणजे लेटरहेड हवं तर तिचं शेवटचं पत्र उघडावं लागतं. उघडलं. १४ नोव्हेंबर एवढं दिसलं. लगेच खालच्या कोपऱ्यातली पट्टी सरकवून पान पंचवीस टक्क्यांवर आणलं. या मापात अक्षरं मुंग्यांएवढी होतात. वाचता येत नाहीत, पण पानाचा एकूण तोल छान कळतो. लोगोच्या कामात तोलच महत्त्वाचा.

मजकूर पुसणार होतो. पण शेजारी मजकूर असला की लोगो कसा दिसेल त्याचा अंदाज येतो. म्हणून राहू दिला. हा तांत्रिक निर्णय आहे.

७ फेब्रुवारी

लोगोसाठी चित्र हवं. कॉम्प्युटरमधले तराजू पाहिले. बहुतेक न्यायालयाचे वाटतात. एकाच्या दांडीला पारडी बांधायला दोऱ्याच नव्हत्या, ती हवेत. असा तराजू दुरुस्तीला आला असता तर मी परत पाठवला असता.

ताईच्या फोनशेजारचं पॅड सापडलं. फोनवर समोरचा फार बोलायला लागला की ती पॅडवर तराजू काढायची. फोन जितका लांबे, तितकं तराजूचं एक पारडं खाली. पानापानावर आहेत. शेवटचा सगळ्यात चांगला जमलाय. डावं पारडं बरंच खाली, म्हणजे फोन मोठा असणार.

हाच घ्यायचं ठरवलं. चित्रकाराचा खर्च वाचला, एवढंच कारण.

८ फेब्रुवारी. दुपारी

पॅडचा मोबाईलने फोटो काढला. पहिल्यात अंगठा आला. दुसऱ्यात मिस्त्री. तो मध्ये वाकून म्हणाला, साहेब, काय तपासताय? मी म्हटलं, लोगो. तो म्हणाला, किती भरला?

कामगारांना ब्रँडिंग समजावणं अवघड आहे.

सातवा फोटो बरा आला. चित्राच्या कडेला ताईने काहीतरी लिहिलंय, तेही थोडं आलं. मोबाईलमधून कॉम्प्युटरमध्ये चित्र न्यायला पावणेदोन तास. आडवं पोचलं. उद्या उभं करू.

९ फेब्रुवारी

उभं झालं. पत्रात टाकलं. ‘इन्सर्ट’ म्हणून जागा आहे, तिथून. जमलं!

मात्र लोगो अख्ख्या पानाएवढा आला आणि पत्र पुढच्या पानावर गेलं. कोपरा धरून लहान केला. पत्र परत आलं, पण दोन भागांत. ‘महोदया’ लोगोच्या डावीकडे, बाकीचं उजवीकडे. लोगो थोडा हलवला. सहीची जागा वर आली.

पाव मिलिग्रॅमचा फरक मी नुसत्या डोळ्यांनी पकडतो. हे शेवटी चित्रच आहे. उद्या संपेल.

१२ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ५

संपलं नाही. शनिवार-रविवार कॉम्प्युटरला विश्रांती दिली. मशीन तापतं.

भाचीचा फोन आला होता. ताईची मुलगी, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, तिच्या ऑफिसात दिवसभर हीच कामं असतात. लोगोचं सहज बोलता बोलता सांगितलं. ती म्हणाली, मामा, तुम्ही चित्र मजकुरात टाकलंय, म्हणून पळतंय. वर दुकानाचं नाव-पत्ता फिकट दिसतो ना, तो वेगळा भाग आहे. त्यावर दोनदा क्लिक करा. तो उघडतो. लोगो तिथे टाका, जागचा हलणार नाही. आणि उघडलाच आहे तर नंबरही बदलून टाका, आईचाच आहे अजून.

मी म्हटलं, बघतो.

फिकट भाग पाहिला. वडिलांचं नाव, आणि पुत्र, पत्ता, आणि खाली संपर्कासाठी ताईचा मोबाईल नंबर. त्यावर एकदा क्लिक केलं. काही झालं नाही. दुसऱ्यांदा केलं नाही.

वरच्या भागाला हात न लावता लोगो बसवायचा, असं ठरवलं. तांत्रिक निर्णय. जी गोष्ट बावीस वर्षं नीट चालली ती कशाला उघडायची.

१४ फेब्रुवारी

लोगो डावीकडे वर बसला. सुंदर. मिस्त्रीला बोलावून दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, साहेब, काटा झुकलाय.

मी म्हटलं, ती शैली आहे.

तो म्हणाला, आपण काटे दुरुस्त करतो ना? गिऱ्हाईक म्हणेल, यांचा स्वतःचाच करून झालेला नाही.

बोलायला फटकळ आहे, पण मुद्दा चुकीचा नव्हता. पाणसळ आणून मॉनिटरवर ठेवली. बुडबुडा उजवीकडे गेला. म्हणजे मॉनिटरच तिरका होता! डाव्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली. बुडबुडा बरोबर मध्ये आला. चित्र होतं तसंच झुकलेलं. एक शंका मात्र दूर झाली.

१५ फेब्रुवारी

चित्राच्या डोक्यावर एक गोल खूण असते. ती धरून फिरवलं की चित्र फिरतं. हे मी स्वतः शोधून काढलं, कुणाला विचारलं नाही. अकरा अंश फिरवलं. दांडी एकदम सपाट. मिस्त्रीला हाक मारली.

तो म्हणाला, दांडी सरळ झाली, खांब पडला.

खरं आहे. खांब आता वाऱ्यात उभा असल्यासारखा दिसतो. मूळ जागी आणला. झुकलेलं पारडं ठेवायचं ठरवलं. गिऱ्हाईकाच्या बाजूला झुकलंय असा अर्थ लावता येतो. मिस्त्री म्हणाला, ते आपल्या बाजूला आहे साहेब.

१८ फेब्रुवारी, रविवार

भाची येऊन गेली. डबा घेऊन आली, फ्रिज पुसला, माझ्या शर्टांची बटणं मोजली. ताईचं कपाट उघडायचं का म्हणाली. मी म्हटलं, सध्या लेटरहेडच्या गडबडीत आहे.

मग तिने लेटरहेड पाहिलं. आधी म्हणाली, पंचवीस टक्क्यांवर काम करता? डोळे फुटतील. शंभर करायला गेली, मी माऊस धरला. मग लोगो निरखून म्हणाली, मामा, तराजूच्या शेजारी ‘चष्मा’ लिहिलंय. आपण चष्म्यांचं दुकान काढलंय का?

पाहिलं तर खरंच. पॅडवर ताईने कडेला लिहून ठेवलेलं, ‘भाऊ – चष्मा’. त्यातला भाऊ फोटोबाहेर राहिला, चष्मा आत आला. माझा नवा चष्मा ती त्या शेवटच्या आठवड्यात चष्म्याच्या दुकानातून आणणार होती. तो तिथेच आहे.

भाचीने माऊस सोडला. मग तिने प्रयोगशाळेचं पत्र मागितलं आणि मधला भाग मोठ्याने वाचला. आपल्या लेटरहेडवरील भ्रमणध्वनीवर वारंवार प्रयत्न करूनही संपर्क होत नाही, तरी अद्ययावत लेटरहेडवर दरपत्रक द्यावे. पत्र टेबलावर ठेवून म्हणाली, मामा, यात लोगो कुठे आहे? त्यांना नंबर हवाय. तुमचा नंबर टाका, दोन मिनिटांचं काम आहे. मी करते, उठा.

मी उठलो नाही. म्हटलं, नंबर काय, कधीही बदलता येतो. लोगो एकदाच होतो.

ती म्हणाली, तुम्ही त्यांना आईचं कळवलंय ना?

म्हटलं, नवीन लेटरहेडवर कळवणार आहे. अशी गोष्ट व्यवस्थित कागदावर गेली पाहिजे.

जाताना चपला घालत ती म्हणाली, आई असती ना, तर तुमच्या डोक्यात एक टपली मारली असती. मी भाची आहे म्हणून गप्प बसते. फार वेळ गप्प बसली नव्हती, पण मी ते बोललो नाही.

१९ फेब्रुवारी

संकल्प. १) रोज सकाळी एक तास फक्त लोगो. २) ‘चष्मा’ कापणे. ३) नंबरचं लोगोनंतर. ४) चष्मा आणणे, वेळ मिळेल तसा.

संध्याकाळी ६. कापताना चष्म्याबरोबर उजवं पारडंही गेलं. एका पारड्याचा तराजू. पूर्ववत केलं. ‘चष्मा’ राहू दे. इतकं बारीक अक्षर कोण वाचतंय.

२१ फेब्रुवारी

ताईचा मोबाईल तिच्या टेबलाच्या वरच्या ड्रॉवरमध्ये असतो. बॅटरी खराब होऊ नये म्हणून मी एक दिवसाआड चार्ज करतो. पैसे संपले की रिचार्जही. चालू यंत्र बंद ठेवू नये, हा आमच्या धंद्यातला साधा नियम आहे.

तो वाजतो. आज दोनदा. ड्रॉवरमध्ये वाजला की सगळं टेबल गुणगुणतं आणि काट्यांच्या पेट्यांच्या काचा थरथरतात. मी समोरच असतो. उचलत नाही. दुसऱ्याचा फोन उचलणं बरं नव्हे.

मिस्त्रीने आज दुसऱ्या वेळी हातातला चिमटा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, साहेब, काम असेल त्याचं. मी म्हटलं, कोण ते माहीत नाही. तो म्हणाला, उचलल्यावर कळतं.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

फेब्रुवारी अठ्ठावीसचा आहे, हे आज कॅलेंडरवरून कळलं. मी तीस धरून आखणी केली होती. ही दोन दिवसांची तूट माझी नव्हे.

लोगो आज पानाच्या तळाशी गेला होता. कारण कळलं नाही. परत आणला.

२६ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी १

आजचा दिवस ऐतिहासिक. दरपत्रक लिहिलं!

प्रश्न होता जागेचा. ताईच्या पद्धतीने जुना मजकूर पुसून त्या जागी लिहायचं. पण पुसायची गरजच काय? मी पत्राच्या अगदी सुरुवातीला जाऊन एंटरचं बटण दाबून धरलं. तिचं पत्र हळूहळू खाली सरकत दुसऱ्या पानावर गेलं. तिथे सुखरूप आहे. पहिलं पान रिकामं झालं, वर दुकानाचं नाव तसंच. लोगोही पत्राबरोबर खाली निघाला होता, त्याला ओढून पहिल्या पानावर आणला. मग दरपत्रक लिहिलं. काही पुसलं नाही, काही हरवलं नाही, एक पान तयार. मोठमोठ्या ऑफिसांत असं डोकं कुणी चालवत नसेल.

खाली सहीसाठी जागा कमी वाटली. आणखी चार-पाच एंटर मारले. सेव्ह.

भाचीला फोन करून सांगितलं, झालं. ती म्हणाली, नंबर? म्हटलं, झालं म्हणजे लोगो झाला. ती म्हणाली, बरं. ताईसारखं ‘बरं’ म्हणते. त्यात बरंच काही असतं.

२७ फेब्रुवारी. सकाळी ११.३०

प्रिंट काढलं. दोन कागद आले. एकावर लोगो, एकावर नाही. दोन्हींवर बारीक मजकूर. मोडक्या काडीच्या चष्म्याने एवढ्या जवळचं दिसत नाही, पण वाचायची गरज नव्हती. लोगो ज्या पानावर, ते माझं पान. एवढं साधं आहे. दुसरा कागद ताईच्या पत्राचा. तो न वाचता उलटा करून ड्रॉवरमध्ये तिच्या फोनखाली ठेवला.

लोगोच्या कागदावर सही केली, शिक्का मारला, तीन घड्या करून पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं.

दुपारी २. प्रयोगशाळेच्या आवक खिडकीवर स्वतः जाऊन दिलं. खिडकीतल्या माणसाने पाकिटावर शिक्का मारला, वहीत नोंद केली. मुदतीच्या एक दिवस आधी. परत येताना चालत आलो. पाय हलके वाटत होते.

मिस्त्रीला म्हटलं, आपलं लेटरहेड आता अद्ययावत आहे. तो म्हणाला, मग चहा पाजा.

२८ फेब्रुवारी. दुपारी ३.२०

निघायच्या आधी लिहून ठेवतो, म्हणजे क्रम नीट राहील.

सव्वादोनला ताईचा फोन वाजला. थांबला. परत वाजला. थांबला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मिस्त्री समोर आला, त्याने ड्रॉवर उघडला, फोन माझ्यासमोर ठेवला आणि आपल्या जागेवर जाऊन पाठ फिरवून बसला. इतक्या वर्षांत त्याने ताईच्या टेबलाला हात लावला नव्हता.

उचलला.

प्रयोगशाळेच्या खरेदी विभागाच्या बाई होत्या. लागला एकदाचा, म्हणाल्या. मग म्हणाल्या, ताईंना द्या.

मी म्हटलं, ताई नाहीत.

त्यांनी विचारलं, कधी येतील?

तेव्हा पुढचं वाक्य बोलावं लागलं. फार लांब नव्हतं. ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना भाचीने कळवलं होतं.

बाईंनी समोरचा कागद उचलला असावा, सळसळ ऐकू आली. मग म्हणाल्या, मग हे पत्र काय आहे? मी म्हटलं, दरपत्रक. त्या म्हणाल्या, दरपत्रक नाहीये हे, मी वाचते. थांबा म्हणायच्या आत त्यांनी वाचायला सुरुवात केली.

महोदया, काटे तपासणीसाठी पुढील आठवड्यात आमचे बंधू एकटेच येतील. मी काही दिवस रजेवर आहे. ते स्वतः सांगणार नाहीत म्हणून कळवते. काम चालू असताना खोलीतला पंखा बंद ठेवावा, त्या वाऱ्याने पारडी हलतात आणि ते पंखा आपोआप थांबायची वाट बघत बसतात. चहा साखर कमी घालून द्यावा. गेली बारा वर्षे ते आपल्याकडे गोड चहा पिऊन घरी येऊन पाणी पितात. कुणी काही विचारलं आणि उत्तर आलं नाही, तर राग मानू नये. ते रागावलेले नसतात, मोजत असतात. काही अडचण आल्यास मला याच नंबरवर फोन करावा.

खाली तुमची सही आहे, म्हणाल्या. 

ड्रॉवरमधला उलटा कागद सुलटा केला. हातभर लांब धरून पाहिला. दरपत्रक. लोगो नाही. त्या शेवटच्या चार-पाच एंटरनी लोगो पुन्हा आपल्या जागी गेला होता. ताईच्या पत्राला धरून.

बाई म्हणाल्या, मुदत आज पाचपर्यंत आहे. तुमचं पत्रक आहे ना तयार? मग निघा, पळत या. मी म्हटलं, त्याच्यावर लोगो नाही. त्या म्हणाल्या, कसला लोगो?

संध्याकाळी ६.३०. पावणेपाचला पोचलो. रिक्षा मिळाली नाही, मिस्त्रीने त्याच्या स्कूटरवरून नेलं. बाईंनी लोगो नसलेला कागद घेतला, वाचला, ठीक आहे म्हणाल्या. मी विचारलं, लेटरहेड अद्ययावत नाहीये, चालेल का? त्यांनी नंबरवर बोट ठेवून विचारलं, हा फोन आता उचलणार का तुम्ही? मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, मग झालंच की अद्ययावत.

म्हणजे ५ तारखेलाही होतं.

ताईचं पत्र परत मागितलं. चुकून आलंय, म्हटलं. बाई म्हणाल्या, त्यावर आवक शिक्का पडलाय, नंबर पडलाय, आता ते आमच्या फाईलला लागणार. परत देता येत नाही. नियम आहे.

नियमापुढे मी काय बोलणार.

१ मार्च

चष्मा आणायला गेलो. दुकानदार चिडला होता. नोव्हेंबरपासून फोन करतोय, म्हणाला, कुणी उचलतच नाही. पाकिटावर ताईचा नंबर लिहिला होता. माझ्या नावापुढे ‘घेऊन जाणार: बहीण’.

म्हणजे ड्रॉवरमध्ये इतके दिवस माझाच चष्मा वाजत होता.

चष्मा उत्तम आहे. पंचवीस टक्क्यांवरही अक्षरं ओळखू येतात. त्यामुळे आता शंभरवर करायला हरकत नाही, असं ठरवलं. तांत्रिक निर्णय.

४ मार्च, रविवार

काम मिळाल्याचं पत्र कालच आलं. भाचीला दाखवलं. तिला सगळं सांगितलं, क्रमाने. पंख्याच्या जागी हसली. साखरेच्या जागी उठून आत पाणी प्यायला गेली, बराच वेळ पीत होती.

बाहेर आल्यावर कॉम्प्युटरसमोर बसली, वरच्या फिकट भागावर दोनदा क्लिक केलं आणि लोगो तिथे टाकला. अकरा सेकंद. मी घड्याळ लावलं होतं. नंबरपाशी येऊन थांबली, माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, राहू दे, उचलतो मी. ती म्हणाली, बघा हं, मी रोज लावून बघणार.

लोगो आता प्रत्येक पानावर येतो. हवा असला तरी, नको असला तरी. झुकलेला, शेजारी ‘चष्मा’. तो काढता येतो का विचारलं. म्हणाली, येतो की. मी म्हटलं, नुसतं विचारलं.

मग तिने विचारलं, आईचं पत्र ठेवायचं की त्यावर नवीन लिहायचं, तिच्यासारखं? मी म्हटलं, पत्र पोचलंय, आता पुसायला हरकत नाही. मग म्हटलं, पुढच्या आठवड्यात पुसू.

६ मार्च. सकाळी ८

आज प्रयोगशाळेची पहिली फेरी. नोव्हेंबरची राहिली होती. नव्या लेटरहेडच्या दहा प्रती बरोबर घेतल्या आहेत. अहवाल त्यावरच देणार. लोगो पाहून बाईंची प्रतिक्रिया काय होते ते बघायचं. नीट छापलेलं काही समोर आलं की लोकांच्या लक्षात राहतं. यापुढे पाकिटांवरही लोगो. मग पावतीपुस्तकावर. दुकानाच्या पाटीवर.

संध्याकाळी ७

अकरा काटे झाले. सगळे ठीक, एकाचा पाय बदलावा लागेल.

मी खोलीत गेलो तेव्हा पंखा बंद होता. बटणावर कागद चिकटवलेला, काटे तपासणी चालू, पंखा लावू नये. कुणी काही विचारायला आलं नाही. दुपारी बाई दाराशी उभ्या राहिल्या, मी मोजतोय हे पाहून गेल्या.

साडेतीनला चहा आला. साखर कमी होती.

कप धुऊन परत दिला. शिपाई म्हणाला, राहू द्या, धुवायचा नसतो. 

अहवाल लेटरहेडवर दिला. लोगोबद्दल कुणी काही बोललं नाही.